खेळाडू जातात, सर राहतात

महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या कारकिर्दीविषयी लिहायचे म्हटले की पहिली अडचण वेळापत्रकाची येते. तालमीतला वस्ताद एखादा पठ्ठा दहा-दहा वर्षे हाताखाली ठेवतो. क्लबचा प्रशिक्षक शाळकरी पोराला जवळ घेतो आणि तिशीपर्यंत खेळवतो. महाविद्यालयातल्या सरांना एवढा अवधी कधीच मिळत नाही. मुलगा एफवायला येतो तेव्हा चेंडू हातात आला की त्याची पावले चुकतात. एसवायला पास कधी द्यायचा आणि कधी राखायचा ते त्याला उमगू लागते. टीवायला तो संघ अंगावर घेतो, आणि शेवटचा पेपर देऊन निघून जातो. जूनमध्ये सर पुन्हा पहिल्या पावलाशी उभे. तीस वर्षे हे काम केलेल्या माणसाने हीच पाटी दहा वेळा पुसलेली असते.

अशा आयुष्याचे चरित्र लिहिणे सोपे नाही. चषकांची यादी करावी तर ते चषक त्या-त्या वर्षीच्या पोरांचे. मोठ्या झालेल्या खेळाडूंची नावे सांगावीत तर त्यांना पुढे आणखी चार प्रशिक्षकांनी घडवलेले असते. मग प्रशिक्षकाचे स्वतःचे असे काय उरते? हा विषय वाचायला घेणाऱ्याने चार प्रश्न हाताशी ठेवावेत, असे मला वाटते. संस्थेने त्याच्यासाठी किती वर्षे वाट पाहिली? त्याच्या संघात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती? त्याच्याकडून बाहेर पडलेल्या मुलांच्या हाती पदवी होती की नाही? आणि त्याची चूल कशावर पेटत होती? जिंकलेल्या सामन्यांचा आकडा या चार उत्तरांनंतर पाहिला तरच त्याला अर्थ येतो. पुढचे सारे विवेचन या चार प्रश्नांच्या आधाराने चालले आहे.

बास्केटबॉलच का, असे कोणी विचारील. मुर्ध्यात बसून लिहिणाऱ्याला तर नक्कीच विचारील. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मिठागरांची आणि खाडीची. इथल्या आगरी-कोळी पोरांचा खेळ कबड्डीचा, आणि हल्ली टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा. बास्केटबॉलचे खांब दिसतात ते इंग्रजी शाळांच्या आवारात आणि पूर्वेकडच्या मोठ्या संकुलांत. तरीही महाविद्यालयीन प्रशिक्षक समजून घ्यायचा तर याच खेळाकडे जावे लागते, कारण या खेळाचा जन्मच वर्गात झाला. कबड्डी मातीतून आली, क्रिकेट इंग्लंडच्या गावकुसाबाहेरच्या कुरणांतून आले. बास्केटबॉल मात्र एका शिक्षकाने, एका प्रशिक्षण महाविद्यालयात, वरिष्ठांनी दिलेले काम म्हणून तयार केला. त्याला जन्मापासून शिक्षकाचा हात लागलेला आहे.

तो शिक्षक म्हणजे जेम्स नेस्मिथ. मूळचा कॅनडाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएचे प्रशिक्षण विद्यालय होते. तिथल्या अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग कवायतीला कंटाळून अनावर झाला होता. बाहेर बर्फ, आत कंटाळा. डिसेंबर १८९१ मध्ये नेस्मिथने सज्जाच्या कठड्याला पीच ठेवायच्या दोन टोपल्या लावल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर डकवले आणि पोरांना खेळायला लावले. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून कडे आजही जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. त्या वर्गातलाच डंकन पॅटन पुढे वायएमसीएच्या कामासाठी भारतात आला आणि त्याने १८९४ मध्ये हा खेळ इथे आणला, असे मानले जाते.

नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला तो प्रार्थनागृहाचा संचालक आणि शारीरिक शिक्षणाचा अध्यापक म्हणून. संघाचे काम त्याच ओघात अंगावर आले. १९०७ पर्यंत त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससच्या इतिहासात हरलेल्या सामन्यांचा आकडा जिंकलेल्यांपेक्षा मोठा असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो खेळाचा जनक. त्याला त्याची फारशी खंत नव्हती. खेळ पोरांनी खेळावा, मोठ्यांनी त्यात डोके घालू नये, अशा मताचा तो माणूस. त्याचाच विद्यार्थी फॉग अ‍ॅलन मात्र उलट मताचा निघाला. हा खेळ शिकवता येतो, त्याचे शास्त्र करता येते आणि ते शिकवणे हा पूर्णवेळचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्याने कॅन्ससमध्येच सिद्ध केले. मधली काही वर्षे सोडली तर १९५६ पर्यंत तो तिथे होता. १९२७ मध्ये त्याच्या पुढाकाराने प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज त्या विद्यापीठाच्या क्रीडागृहाला अ‍ॅलनचे नाव आहे आणि आतल्या मैदानाला नेस्मिथचे.

बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून अ‍ॅलनने खटपट केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो आला. पहिला चेंडू उडवायला म्हातारा नेस्मिथ हजर होता. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेले हे मंडळ. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ उभारले. पश्चिम रेल्वेच्या आमच्याच मार्गावर, कांदिवलीला, १९३८ मध्ये शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रशिक्षक आकार घेत होता त्याच काळात महाराष्ट्रात व्यायामशिक्षक आकार घेत होता. दोघांची सुरुवात सारखी होती: शरीर घडवणे हा शिक्षणाचा भाग आहे, ही धारणा. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. तिथे एकेका खेळाचा स्वतंत्र प्रशिक्षक झाला. इथे एकाच शिक्षकाकडे सगळे खेळ राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जॉन मॅकलेंडन या नावाशिवाय पुरे होत नाही. हा कृष्णवर्णीय तरुण १९३३ मध्ये कॅन्ससला शारीरिक शिक्षण शिकायला आला. नेस्मिथ त्याचा मार्गदर्शक होता. खेळ ज्याने शोधला त्याच्या हाताखाली शिकायची मुभा होती, पण विद्यापीठाच्या संघातून खेळायची नव्हती, कारण त्या संघात काळ्यांना प्रवेश नव्हता. मॅकलेंडन पुढे उत्तर कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाला. चेंडू हाती आला की प्रतिस्पर्धी सावरायच्या आत धावत सुटायचे आणि चेंडू गेला की पूर्ण मैदानभर दबाव टाकायचा, ही वेगवान शैली त्याने घडवली. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्याच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाशी बंद दाराआड सामना खेळला. प्रेक्षक नव्हते, वृत्तान्त नव्हता, आणि कायदा व रीत पाहता दोन्ही संघांना धोका होता. मॅकलेंडनचा संघ ८८-४४ असा जिंकला. पुढे १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे टेनेसीतल्या महाविद्यालयाला त्याने छोट्या महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. तरी बहुसंख्य गोऱ्यांच्या विद्यापीठाने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलवायला १९६६ साल उजाडले. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीवर हिंदू संघाने सामने जिंकले, पण कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. मैदानावरची गुणवत्ता आणि मैदानाबाहेरची पायरी यांचा झगडा प्रशिक्षकाच्या खुर्चीपाशी सगळ्यांत उशिरा सुटतो.

वाट पाहण्याच्या प्रश्नावर जॉन वूडनची कारकीर्द मुळातून पाहण्यासारखी आहे. इंडियानातला हा इंग्रजीचा शिक्षक. इंडियाना स्टेटमध्ये असताना १९४७ साली एका राष्ट्रीय स्पर्धेचे बोलावणे आले. स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि वूडनच्या संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वूडनने बोलावणे नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला. १९४८ मध्ये वूडन लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आला. सरावाची जागा जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांबरोबर वाटून घेतलेली. सरावाआधी जमीन पुसून घ्यायची ती स्वतः प्रशिक्षकाने. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले १९६४ मध्ये, म्हणजे सोळाव्या हंगामात. मग पुढचे सगळे धबधब्यासारखे कोसळले: बारा वर्षांत दहा विजेतेपदे आणि मधे सलग ८८ सामने अपराजित.

जग त्या बारा वर्षांविषयी बोलते. आधीच्या पंधरा वर्षांविषयी कमी बोलले जाते. त्या पंधरा वर्षांत संस्थेने त्याला काढले नाही, हा यूसीएलएचा पराक्रम वूडनच्या पराक्रमाइतकाच मोठा आहे. वूडन पहिल्या दिवशी नव्या पोरांना मोजे कसे चढवायचे ते शिकवायचा. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की सामना जातो. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे ल्यू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला ठाऊक झाला, तोही वूडनच्या मुख्य संघात तीनच वर्षे होता. मुंबई विद्यापीठाचा बीकॉमचा मुलगा आपल्या सरांकडे असतो, तेवढीच.

उत्तर कॅरोलायनाचा डीन स्मिथ १९६१ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला. १९६५ मध्ये एका पराभवानंतर विद्यार्थ्यांनी त्याचा पुतळा फासावर लटकवला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८२ चे. निवृत्त झाला तेव्हा नावावर ८७९ विजय होते आणि त्याच्या खेळाडूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक पदवीधर झाले होते. ड्यूकच्या माइक शशेव्स्कीची पहिली तीन वर्षे ३८ विजय आणि ४७ पराभव अशी गेली. माजी विद्यार्थी त्याला घालवायला निघाले असताना क्रीडा संचालक टॉम बटर्सने त्याचा करार वाढवला. विजेतेपद १९९१ मध्ये आले. २०२२ मध्ये तो थांबला तेव्हा आधीचा आर्मीचा संघ आणि ड्यूक मिळून त्याचे १,२०२ विजय झाले होते. शशेव्स्कीचे नाव सगळ्यांना माहीत आहे. बटर्सचे नाव प्रत्येक प्राचार्यांच्या टेबलावर असायला हवे.

तिसरा प्रश्न, पदवीचा, पॅट समिटने कायमचा सोडवला. १९७४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक झाली. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी ती स्वतः चालवायची आणि गणवेशही स्वतः धुवायची. दोनच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, अमेरिकेत शिक्षणसंस्थांतला लिंगभेद बेकायदा ठरवणारा कायदा झाला होता. त्या कायद्याने मुलींच्या खेळाला पैसा मिळाला. पैसा आल्यावर ज्या जागांवर पूर्वी जवळजवळ फक्त स्त्रियाच काम करायच्या, तिथे पुरुष प्रशिक्षक मोठ्या संख्येने आले, हा त्या कायद्याचा कोणी न मागितलेला परिणाम. समिट टिकली. २०१२ पर्यंत आठ राष्ट्रीय विजेतेपदे आणि १,०९८ विजय. त्याहून मोठी गोष्ट अशी की तिच्याकडे पूर्ण काळ खेळलेली एकही मुलगी पदवीविना बाहेर पडली नाही. वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचे, असा तिचा दंडक होता. २०११ मध्ये अल्झायमरचे निदान झाल्यावरही तो हंगाम तिने पूर्ण केला.

चौथा प्रश्न पोटाचा. वूडनचा पगार अखेरपर्यंत वर्षाला ३५,००० डॉलरच्या आत राहिला. आज अमेरिकेतल्या अव्वल महाविद्यालयीन प्रशिक्षकांना वर्षाला काही दशलक्ष डॉलर मिळतात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. त्याच्या बदल्यात संयम गेला. दोन हंगाम वाईट गेले की भरपाई देऊन माणसाला घरी पाठवतात. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे. ज्या पोरांच्या घामावर पैसा उभा होता त्यांना त्यातला वाटा मिळाला, हे न्यायाचेच. पण चार वर्षे एका सरांकडे राहण्याची रीत त्यामुळे मोडत चालली आहे. पुढचा वूडन कदाचित होणार नाही, आणि त्याचे कारण वूडनसारखी माणसे संपली हे नसेल.

आता आपल्याकडे येऊ. भाईंदरहून चर्चगेटची गाडी धरून मुंबई सेंट्रलला उतरले की नागपाडा चालत गाठता येते. या वस्तीत बास्केटबॉल रुजला त्याची गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले, त्याच मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस उभारले. १९३६ मध्ये त्याच वास्तूत टाटा विश्वस्तनिधीच्या पैशातून समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, ती आजची टाटा समाजविज्ञान संस्था. गिरणगावाच्या कडेची, दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. क्रिकेटला मैदान नाही, पण दोन खांबांपुरती जागा होती. त्या जागेवर बच्चू खान यांनी पोरे घडवली. त्यांच्या हाताखालचा गुलाम अब्बास मुंतसीर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. नागपाड्यातल्या महापालिकेच्या क्रीडांगणाला बच्चू खान यांचे नाव आहे. मुंबईतल्या महाविद्यालयांचे संघ वर्षानुवर्षे नागपाडा, माटुंगा अशा वस्त्यांतून तयार होऊन आलेल्या पोरांवर चालले. म्हणजे जे काम कॅन्ससमध्ये विद्यापीठाने केले, ते इथे वस्तीने केले, आणि चषक महाविद्यालयाच्या कपाटात गेला.

आपल्या महाविद्यालयात प्रशिक्षक म्हणून कोण असते? कागदावर शारीरिक शिक्षण आणि क्रीडा संचालक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार ही अध्यापकाच्या तोडीची जागा आहे. त्यासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी लागते आणि शिवाय धावण्याची चाचणी असते. तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराला बारा मिनिटांत १,८०० मीटर, तर स्त्री उमेदवाराला आठ मिनिटांत १,००० मीटर. पण ही जागा एकच, आणि खेळ कॅरमपासून ॲथलेटिक्सपर्यंत सगळे. प्रवेशअर्ज, पात्रतेचे दाखले, प्राचार्यांची सही, विद्यापीठाची मुदत, प्रवासभत्त्याची बिले, वार्षिक क्रीडादिन आणि मूल्यांकन समितीचा अहवाल, हे सगळे त्याच टेबलावर. अनुदानित महाविद्यालयांत ही जागा कित्येकदा रिकामी असते. विनाअनुदानित महाविद्यालयांत ती तासिका तत्त्वावर भरली जाते. मग बास्केटबॉलचा सराव घ्यायला संध्याकाळी मानधनावर एक सर येतात. ते दिवसा रेल्वेत, बँकेत किंवा शाळेत असतात. अमेरिकेतल्या एका माणसाचे काम आपण दोघांत वाटले आहे: एकाकडे पद आहे आणि वेळ नाही, दुसऱ्याकडे वेळ आहे आणि पद नाही.

या संध्याकाळच्या सरांचा हंगाम बघण्यासारखा असतो. आंतरमहाविद्यालयीन सामने पावसाळ्याच्या शेवटाला सुरू होतात आणि मुंबईतली बहुतेक मैदाने उघडी, सिमेंटची. ओल्या सिमेंटवर पिव्होट शिकवता येत नाही. पाय सरकतो आणि गुडघा जातो. पाऊस उघडावा तर सेमिस्टरची परीक्षा समोर. ज्याला रिबाउंडला उंच उडवायचे तो मुलगा एटीकेटीत अडकलेला, आणि ज्याचा ले-अप दोन्ही हातांनी बसला आहे त्याचे नाव हजेरीच्या यादीत लाल शाईत. घरून विचारणा असतेच: खेळून पुढे काय? सर प्राध्यापकांना भेटतात, पालकांना भेटतात, कोणाच्या बुटांचे पैसे आपल्या खिशातून घालतात. प्रत्यक्ष सामन्यात त्यांच्या हाती काय असते? चाळीस मिनिटांच्या खेळात पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइम-आउट, प्रत्येकी एका मिनिटाचा. पाच मिनिटे. झोन मोडायचा की मॅन-टू-मॅन धरायचे, चार फाउल झालेल्या पोराला बसवायचे की ठेवायचे, एवढेच त्यात सांगून होते. बाकीचे आधीच सांगितलेले असावे लागते. निकाल फलकावर दिसतो तो महिनाभर आधी ओल्या मैदानाच्या कडेला उभे राहून घेतलेल्या कष्टांचा.

आपल्या क्रीडासंस्कृतीने या माणसाला श्रद्धेची जागा दिली आहे. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. शिवाजी पार्कवर त्यांनी जे केले त्याबद्दल १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये हा पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. पण आचरेकर सरांची नोकरी स्टेट बँकेत होती, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे. बँकेने त्यांना जगवले आणि मैदानाने त्यांना मोठे केले. भारतीय बास्केटबॉलचेही तसेच आहे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. तिच्यासारख्या कितीतरी खेळाडूंना स्थैर्य दिले ते रेल्वेने. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते असावेच. प्रमाणपत्र मिळवणारा मुलगा त्यातून नोकरीला लागतो. त्याला त्या प्रमाणपत्रापर्यंत नेणारे सर पुढच्या जूनमध्ये मानधनाच्या कागदावर पुन्हा सही करत असतात.

या निष्ठेचे कौतुक करून थांबण्याची आपली सवय मला घातक वाटते. कौतुकाला खर्च नसतो. एखाद्या माणसाने पदरमोड करून तीस वर्षे पोरे घडवली, असे भाषणात सांगताना आपण नकळत मान्य करतो की पुढच्या माणसानेही पदरमोडच करावी. तो माणूस थकला की त्याच्याबरोबर संघ संपतो. पोरांनी कोणती चूक कितव्या आठवड्यात केली, कोणता व्यायाम कोणाच्या गुडघ्याला मानवला नाही, कोणत्या महाविद्यालयाचा संघ कसा खेळतो, हे सगळे ज्ञान त्याच्या वहीत आणि डोक्यात राहते. अ‍ॅलनने नेस्मिथकडून घेतले, मॅकलेंडनने नेस्मिथकडून घेतले, स्मिथ अ‍ॅलनच्या संघात खेळून शिकला. ती परंपरा सलग चालली कारण प्रत्येकाला बसायला खुर्ची होती. आपल्याकडे परंपरा माणसामाणसांत आहे, संस्थेत उतरलेली नाही.

यावर जागा नाही, पैसा नाही, असे उत्तर ठरलेले आहे. जागेचा हिशेब मुर्ध्यातून करून पाहू. इथे जमिनीचा प्रश्न कोणाला शिकवावा लागत नाही. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धा-मोर्व्याच्या शिवारात यायची होती, गावकरी विरोधात उभे राहिले आणि ती डोंगरीकडे सरकली. अशा ठिकाणी मोठे स्टेडियम मागणे वेडेपणाचे ठरेल. पण बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. चार गुंठ्यांहून किंचित जास्त. चहूबाजूंना दोन मीटर मोकळी जागा धरली तरी सहा गुंठे. एवढ्या जागेत एका वेळी दहा मुले खेळतात आणि दिवसभरात शंभर मुलांचा सराव होऊ शकतो. दाट वस्तीसाठी याहून काटकसरीचा मैदानी खेळ शोधावा लागेल. नागपाड्याने ते कधीच ओळखले होते. १९८० च्या दशकापासून वाढत गेलेल्या आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरला ते ओळखायला अजून उशीर झालेला नाही.

पैशाचा हिशेब अधिक सरळ आहे. महाविद्यालये शुल्कात जे क्रीडाशुल्क घेतात, त्यातून चषक आणि गणवेशांआधी एका माणसाचा पगार निघायला हवा. एका महाविद्यालयाला परवडत नसेल तर भाईंदर आणि मीरा रोडच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावा. सकाळ एका मैदानावर, संध्याकाळ दुसऱ्या. अट एकच: पहिली पाच वर्षे त्याला चषक मागायचा नाही. हजेरीपट मागावा, निकालपत्रिका मागावी, मुलींचा संघ उभा राहिला की नाही ते विचारावे, गावातली किती मुले पहिल्यांदा त्या मैदानावर आली ते विचारावे. मिठागराच्या कडेला कबड्डीत चढाई करणाऱ्या पोराच्या पायांत जी चपळाई असते, ती बचावात उतरवायला फार शिकवावे लागत नाही. ते हेरणारा माणूस मात्र तिथे रोज हवा.

तेव्हा वाचकाने पुढे ज्या-ज्या प्रशिक्षकाची कारकीर्द वाचायला मिळेल, तिथे विजयांच्या रकान्यावर बोट ठेवण्याआधी ते चार प्रश्न विचारावेत. उत्तरे पाहिली की एक गोष्ट लक्षात येईल. मोठा प्रशिक्षक घडण्यासाठी प्रतिभा लागते हे खरे, पण ती तर नागपाड्यातही होती आणि शिवाजी पार्कवरही. कमी पडली ती संस्थेची चिकाटी: पद निर्माण करण्याची, ते भरण्याची, आणि भरल्यानंतर दहा वर्षे शांत बसण्याची. महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास एका ओळीत सांगायचा तर वूडनपेक्षा त्याला सोळा हंगाम ठेवून घेणारे विद्यापीठ दुर्मीळ असते. आपल्याला चांगले सर पुष्कळ मिळाले आहेत. त्यांना साजेशी महाविद्यालये मिळवणे हे आता खेळाडूंचे काम उरलेले नाही. ते प्राचार्य, विश्वस्त, नगरसेवक आणि शुल्क भरणाऱ्या पालकांचे काम आहे, आणि हा विषय मराठीत मांडण्याचे प्रयोजनही तेच.

मुर्धा, भाईंदर (पश्चिम)